तात्यांनी नाव का सांगितलं नाही

"लग्न नीट पार पडलं का?"

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. खरखरीत, घाईतला, मागं मोटारींचे हॉर्न ऐकू येत होते. मी शहाशेठच्या दुकानात चहापत्ती आणायला गेले होते. फोन वाजला तसा शेठनं उचलला आणि "पाटलांच्या घरचं कुणी आहे का विचारतायत," म्हणत रिसीव्हर माझ्याकडं दिला. बोरवडीत तेव्हा दोनच फोन होते, एक ग्रामपंचायतीत आणि एक या दुकानात.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"केरबा पाटलांच्या नातीचं. झालं का नीट, एवढंच सांगा. मी ठेवतो."

"मीच त्यांची नात. लग्न झालं नाही. पुढं ढकललंय."

"आँ? का?"

"आमचे आजोबा हरवलेत. ते सापडेपर्यंत लग्न करायचं नाही असं ठरलंय."

 तो माणूस पुटपुटला, "आता काय सांगू मी त्याला?"

"कुणाला?"

"नुसतं विचार अन् ठेवून दे म्हणाला हुता. शपथ घातली हुती. पोरी, तुझा आजा जिता हाय. भिक्षेकरी गृहात हाय." त्यानं शहराचं नाव सांगितलं. "मीबी तिथंच हुतो. बहिणीनं सोडवलं म्हणून काल बाहेर आलो. त्यो नाव सांगत न्हाई कुणाला. आम्ही सगळी मामा म्हणतो त्याला."

दुकानात चार माणसं उभी होती. मी भिंतीकडं तोंड केलं.

"तब्येत बरी आहे का?"

"बरी हाय. पण तू मला भेटली न्हाईस अन् मी तुला काय सांगितलं न्हाई. काय?"

फोन बंद झाला. शहाशेठनं विचारलं, "काय गं उजू, तात्यांची काही खबर?"

"लग्नाची चौकशी करत होते कुणीतरी," मी म्हणाले. खोटं बोलायची गरजच पडली नाही. चहापत्ती काउंटरवर तशीच राहिली आणि मी घरापर्यंत पळत आले.

याला आता तीस वर्षं होत आली. त्या शहराचं नाव मी सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी आमचं वाईट काही केलं नाही. तात्या म्हणजे माझे आजोबा. अठ्ठावीस वर्षं ते गावचे पोलीस पाटील होते. गावात मारामारी झाली, बांधावरनं डोकी फुटली, कुणाची सून विहिरीकडं धावली, की पहिली हाक तात्यांना. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात साहेब बदलून आला, की हवालदार त्याला आधी तात्यांची ओळख करून देत. असा माणूस लग्नाच्या पंधरवडाभर आधी एका जुन्या मित्राला हातानं आमंत्रण द्यायला म्हणून शहरात गेला आणि परत आलाच नव्हता.

मी धापा टाकत सांगितलं तेव्हा आई शेणानं अंगण सारवत होती. ती तशीच खाली बसली आणि भरल्या हातानंच तिनं देवाला हात जोडले. आण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातनं आले. त्यांनी मला दोनदा सगळं सांगायला लावलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्यांदा ऐकताना तो विझत गेला.

"नाव सांगत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणे."

"डोकं ठिकाणावर हाय?"

"तसं काही म्हणाला नाही तो. लग्नाचं विचारायला त्यांनीच सांगितलं, म्हणजे सगळं आठवतंय."

"तेच तर," आण्णा म्हणाले. "सगळं आठवतंय, अन् नाव सांगत न्हाईत. घर न्हाई, दार न्हाई, कुणी न्हाई म्हणून बसलेत. माझ्यामुळं."

जायच्या आदल्या दिवशी दोघांचं वाजलं होतं, हे मला माहीत होतं. आण्णा म्हणत होते, पत्रिका पोस्टानं पाठवा, या वयात कुठं एस.टी.चे धक्के खाता. तात्या ऐकेनात. तेव्हा आण्णा तोडून बोलले होते, "जावा मग. तुमच्यावाचून लग्न काय अडत न्हाई."

"त्यांना बघायचं हुतं," आण्णा म्हणाले, "खरंच अडतंय का न्हाई ते. म्हणून फोन करायला लावला."

आईनं आणि मी खूप समजावलं, पण त्यांच्या डोक्यातनं ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बापलेक तालुक्याला गेलो. गावातनं फोन करायची सोय नव्हती. दुकानात बोललेला शब्द दुपारपर्यंत वेशीबाहेर जायचा. स्टँडसमोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरून काच ओढून घेतली आणि मीच बोलले. भिक्षेकरी गृहाच्या अधीक्षक एक बाई होत्या, देवकुळे आडनावाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे का?" मी विचारलं.

"आहे. आत वळलेली," त्या म्हणाल्या. "आणि बोलत नाहीत फारसं. पण कुणाची भांडणं लागली की मध्ये जाऊन बसतात. मग मिटतं."

मी मान हलवून आण्णांना खूण केली. त्यांनी काचेला कपाळ टेकलं.

बाईंनी काय काय आणायचं ते सांगितलं. रेशनकार्ड, फोटो, जवळचा नातेवाईक. आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या पोलीस ठाण्याचा दाखला लागेल, हा माणूस तुमचाच म्हणून. त्याशिवाय मला भेट देता येईल, पण सोडता येणार नाही."

फोन ठेवला आणि मी हे सांगितलं तशी आण्णांची नजर रस्त्यापलीकडं गेली. पोलीस ठाणं तिथंच होतं. आणि त्या ठाण्यात काशीद हवालदार होते. माझे होणारे सासरे.

हे जरा सांगायला हवं. जयसिंगशी माझं लग्न तात्यांनीच जमवलं होतं. काशीद हवालदारांशी त्यांची जुनी ओळख होती. तात्या हरवल्याची तक्रार काशिदांनीच लिहून घेतली, जिल्ह्याजिल्ह्याला फोटो धाडला. लग्न पुढं ढकलू या असं आण्णा म्हणाले तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला. पण आता महिना उलटून गेला होता. त्यांच्या भावकीत कुजबूज सुरू झाली होती. म्हातारा घर सोडून का गेला, घरात काहीतरी असेल, पोरीचंच काही असेल, असं बायका बोलत असल्याचं आमच्या कानावर आलं होतं. त्यात आता हे. मुलीचा आजा भिकाऱ्यांत धरला गेला.

"त्यांना कळता कामा नये," आण्णा म्हणाले. "मी सरपंचाचा दाखला घेतो."

"सरपंचाचा चालणार नाही. बाई पोलिसांचा म्हणाल्यात."

"मग दुसऱ्या ठाण्यातनं बघू. वळख काढू कुणाची तरी."

"आण्णा, त्यांना आज ना उद्या कळणारच. दुसऱ्याकडनं कळलं तर?"

"उजे, तू गप बस. मी झेरॉक्स काढून येतो. हितनं हलू नको."

ते रेशनकार्ड घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडं गेले. तिथं रांग होती. मी बूथच्या पायरीवर उभी राहिले. तात्या वाकडी करंगळी घेऊन कुठल्यातरी भिंतीआड बसलेत आणि आम्ही इथं ओळख काढायला निघालोय, हे मला सहन होईना. लग्न मोडलं तर मोडलं, असं मनात आलं. असं मनात येऊ शकतं याचंच मला नवल वाटलं, कारण जयसिंग मला आवडला होता. मग मी रस्ता ओलांडला.

काशीद हवालदार व्हरांड्यात टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. जाडजूड माणूस, भुवया झाडासारख्या. मला एकटीला बघून ते उठूनच उभे राहिले.

"काय गं पोरी? काय झालं?"

त्यांच्याशी मी तोपर्यंत चहाचा ट्रे पुढं करण्यापलीकडं बोलले नव्हते.  पण एकदा सुरुवात केल्यावर सगळं सांगून टाकलं. फोन, शहर, भिक्षेकरी गृह, नाव न सांगणं, दाखला. कुठं भिक्षेकरी हा शब्द गिळला नाही. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"जिता हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बघितलाय कुणी?"

"अधीक्षक बाई म्हणाल्या करंगळी वाकडी आहे."

"कुणाकुणाला ठाऊक हाय हे?"

"आम्हा तिघांना. आणि आता तुम्हाला."

"साहेब सोडून पाचव्याला कळता कामा नये. घरात सांग तुझ्या." त्यांनी टोपी घातली. "थांब हितं."

ते आत साहेबांकडं गेले. बऱ्याच वेळानं सही-शिक्क्याचा दाखला घेऊन आले, घडी घालून माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "कधी निघणार?"

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा लिहायला बसले. ना बस म्हणाले, ना काळजी करू नको म्हणाले.

बाहेर आण्णा मला शोधत होते. मी दाखला पुढं केला. त्यांनी तो वाचला, खालचा ठाण्याचा शिक्का वाचला. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आपल्या हातानं मोडलंस, पोरी." आणि गाडीकडं चालू लागले.

घरी आईची तयारी सुरू झाली होती. तिनं तात्यांची दोन धोतरं, दोन सदरे धुऊन वाळत घातले होते. कपड्यांना इस्त्री म्हणून तांब्यात विस्तव घालून ती सुरकुत्या मोडत बसली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक यायला तयार झाले तर घालून यायला. एक न्हाई आले तर तिथं ठेवायला." तिनं वर बघितलं नाही. "चश्मा घे. त्यांचा जुना, कपाटातला. नवा तर गेला असंल. अन् दाढीचं सामान. मिशीची कात्री. काय अवतारात असतील कुणास ठाऊक."

तिनं भाकऱ्या थापल्या, जवसाची चटणी कुटली, मेथीची भाजी कोरडी करून डब्यात भरली. मध्येच थांबून म्हणाली, "तिथं खायला देतात का गं नीट? डबा आत नेऊ देतील का?" मला माहीत नव्हतं. मग तिनं चटणी काढून वेगळ्या पुडीत बांधली, डबा नेऊ दिला नाही तर पुडी खिशातनं नेता येईल म्हणून. मी फेटा काढला, झटकला, पुन्हा घडी घातली. पत्रिका पिशवीत ठेवावी का यावर आम्ही दोघी थोडा वेळ बोललो आणि ठेवली नाही.

आण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते. ओठ हलत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा ऐकू आलं. "तात्या, माझं चुकलं. मी बोलायला नको हुतं." मग थांबून, जरा वेगळ्या सुरात, "तात्या, घरी चला. पोरीसाठी चला." पुन्हा पहिल्यापासून. मी तांब्या ठेवला आणि मागं फिरले.

सकाळी तालुक्याच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो, तर फलाटावर काशीद हवालदार उभे. अंगात साधी पँट आणि पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. गणवेशाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"मीबी येतोय," ते म्हणाले. "रजा टाकलीय."

आण्णांनी नमस्कार केला.  गाडी लागली तशी काशीद आण्णांच्या शेजारी बसले, मी मागच्या बाकावर. सहा-सात तासांचा प्रवास. दोघंही खिडकीतनं बाहेर बघत होते, एकजण एका बाजूनं, दुसरा दुसऱ्या. मला आण्णांच्या मानेवरची शीर दिसत होती. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. हा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघालाय. बघेल, परत जाईल आणि मधल्या माणसाकरवी निरोप धाडेल.

भिक्षेकरी गृह शहराच्या कडेला होतं. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, आत कडुनिंबाची झाडं आणि बैठ्या लांबट खोल्या. मला जसं वाटलं होतं तसं भयंकर काही नव्हतं. पण फाटक आमच्यामागं बंद झालं, कुलूप लागलं, तेव्हा मी मागं वळून बघितलं. देवकुळे बाईंनी कागद पाहिले, दाखला वाचला.

"फोटोवरून आम्ही ओळखलंच नसतं," त्या म्हणाल्या. "आला होता हा फोटो आमच्याकडे. फेटा, एवढी मोठी मिशी. इथं आणल्यावर आणि मग दर आठवड्याला डोकं, मिशी सगळं काढावं लागतं. उवा असतात. तुम्ही जरा मनाची तयारी ठेवा." मग मला म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलेलं नाही तुम्ही येणार म्हणून. सांगितलं असतं तर कदाचित आले नसते भेटायला."

आण्णांनी मान खाली घातली.

भेटीच्या खोलीत दोन बाकं समोरासमोर होती. आम्ही तिघं एका बाकावर बसलो. काशीद अगदी कडेला, दाराआडच्या बाजूला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं शिपाई एका म्हाताऱ्याला घेऊन आला. मी आधी त्याच्या मागं बघितलं, तात्या कुठं आहेत म्हणून.

तेच तात्या होते. गोटा केलेलं डोकं, पांढऱ्या खुंटांची हनुवटी, मिशीच्या जागी कोरा ओठ. अंगात संस्थेचा ढगळ सदरा आणि अर्ध्या नळ्यांची विजार. माझे उंचेपुरे तात्या एवढेसे दिसत होते. त्यांनी डोळे बारीक केले, चष्मा नव्हता ना. दोन पावलं पुढं आले आणि आण्णांना ओळखलं.

"हिंदुराव?" ते म्हणाले. "तू हितं कसा?"

आण्णा उठले. रात्रभर घोकलेलं सगळं विसरले. त्यांनी नुसते तात्यांचे पाय धरले आणि तिथंच बसून राहिले.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या गळ्याकडं बघितलं. मंगळसूत्र नव्हतं.

"लग्न?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं, तात्या."

"का? का न्हाई झालं? मोडलं?" त्यांचा आवाज चढला. "त्यांना कळलं? कुणी सांगितलं त्यांना?"

"मोडलं न्हाई," दाराआडनं आवाज आला.

काशीद उठून उजेडात आले. तात्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि ओळख पटताच त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओठ झाकला, मिशी नव्हती म्हणून. आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"न्या मला आत," ते शिपायाला म्हणाले. "मी वळखत न्हाई ह्यांना."

शिपाई बाईंकडं बघायला लागला. बाईंनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"पाटील," काशीद म्हणाले, "महिनाभर मी झोपलो न्हाई नीट. सगळीकडं बिनतारी संदेश धाडले. नदीत मढं सापडलं तर बघायला जात हुतो, तुमचं तर न्हाई म्हणून. दोनदा गेलो. एक शब्द नाव सांगितलं असतं, तर ह्या बाईंनी त्याच दिवशी आमच्या ठाण्याला कळवलं असतं."

"म्हणून तर न्हाई सांगितलं," तात्या भिंतीशी बोलले.

"म्हंजे?"

"कागद कुणाच्या टेबलावर आला असता? तुमच्याच ना? केरबा रामजी, भिकारी म्हणून धरलाय, वळख पटवा." त्यांचे खांदे हलायला लागले. "लग्नाला पंधरा दीस राहिले हुते. मी म्हटलं, पोरीच्या अंगाला हळद लागू दे. ती नांदायला जाऊ दे. मग बघू आपलं."

 आण्णा जमिनीवर बसलेले होते, त्यांनी मान वर केली.

"तात्या," ते म्हणाले, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागवून गेला."

तात्या वळले. ओल्या डोळ्यांनी त्यांनी आण्णांकडं असं बघितलं, जणू त्यांचं बोलणंच कळलं नव्हतं.

"तुझ्यावर? का बरं?"

"मी बोललो ते. तुमच्यावाचून अडत न्हाई."

"ते व्हय?" तात्या म्हणाले. "आरं, रागावलो असतो तर घरात बसून भांडलो असतो. घर सोडून जायला मी काय नवी सून हाय?"

आण्णांच्या तोंडून हसू आलं की हुंदका आला, मला सांगता यायचं नाही. त्यांनी तात्यांच्या गुडघ्याला डोकं टेकलं. तात्या त्यांच्या केसांवरनं हात फिरवत राहिले, आणि मग सगळं सांगितलं. मित्र ती जागा सोडून कधीच दुसरीकडं गेलेला. परतताना नळावर हातपाय धुताना पिशवी, कोट, चष्मा सगळं चोरीला गेलं. त्यात ताप भरला. देवळाच्या पायरीवर पडून राहिले, कुणी पुढ्यात केळं ठेवलं, कुणी भाकरी. दुसऱ्या दिवशी भिकारी धरणारी पोलिसांची गाडी आली, त्यांना वाटलं दवाखान्यात नेतायत. नाव विचारलं तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. "अन् काशिदांचं टेबल डोळ्यांपुढं आलं," ते म्हणाले.

"बसा," काशीद म्हणाले. त्यांच्या भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या. ते रागावले होते, खरंच रागावले होते. "पाटील, वीस वर्षांची वळख आपली. माझी एवढीच किंमत केली तुम्ही?"

"तुमची न्हवं. लोकांची भीती घेतली मी."

"लोकांची काय! ती येऊन जेवून जातील. पोरगी आमच्या घरात यायची हाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही आली ठाण्यात. एकटी. समोर उभं राहून धडाधडा सगळं सांगितलं, अन् डोळं खाली न्हाई घातलं. तुमच्यापेक्षा हिनं मला जास्त वळखलं. पाचव्याला सांगू नका म्हटलं मी, ते आमच्या बायकांच्या तोंडासाठी. माझ्यासाठी न्हवं. अन् तुम्ही?"

 तात्यांनी हात जोडले. काशिदांनी ते हात धरले, खाली ओढले आणि त्यांना बाकावर आपल्याशेजारी बसवलं.

देवकुळे बाईंनी नुसतं विचारलं, "बाबा, आता नाव सांगता का?"

तात्यांनी पाठ सरळ केली. मला एकदम ते घरच्या ओट्यावर बसलेले दिसले.

"लिहा," ते म्हणाले. "केरबा रामजी शेवाळे. मुक्काम बोरवडी. माजी पोलीस पाटील."

"न्यायला कोण आलंय?"

"लेक, नात," ते म्हणाले, थोडे थांबले आणि बाजूला बघून म्हणाले, "अन् व्याही."

लगेच सोडता येत नव्हतं. न्यायाधीशांपुढं अर्ज, हमी, असं बरंच होतं. त्यात दोन दिवस गेले. आम्ही स्टँडजवळच्या धर्मशाळेत राहिलो. हमीवर पहिली सही काशिदांनी केली. आईनं बांधलेली चटणी बाईंनी आत नेऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी निरोप पाठवला की संपली, आणखी असली तर द्या, इथं चार जणांना आवडली. आण्णा त्या दोन दिवसांत खूप जेवले. महिनाभर त्यांनी पोटभर खाल्लं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

सुटकेच्या दिवशी सकाळी काशीद आम्हाला फाटकाशी थांबवून कुठंतरी गेले. परत आले ते दोन्ही हातांत मिठाईचे पुडे घेऊन.

"हे कशाला?" आण्णांनी विचारलं.

"असू दे. चला."

तात्या धोतर, सदरा, फेटा घालून ऑफिसात तयार बसले होते. मिशी उगवायला अजून बराच अवकाश होता. फेट्याखाली तो कोरा ओठ विचित्र दिसत होता, पण त्यांनी तो झाकला नाही. काशीद बाईंना म्हणाले, "बाई, परवानगी असंल तर आत जायचं हाय. पाटील ज्यांच्यासंगं राहिले त्यांना भेटायचं हाय."

लांबट खोलीत दोन्ही बाजूंना माणसं अंथरुणांवर बसली होती. कुणाला पाय नव्हता, कुणाला डोळे नव्हते, एकजण सारखा हसत होता. मामा जाणार म्हणून बरेच जण आधीच उठून उभे राहिले होते. तात्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत पुढं चालले. त्यांच्या मागनं काशीद हवालदार, पेढ्यांचा पुडा उघडून, वाकून एकेकाच्या हातावर पेढा ठेवत येत होते. मी दारात उभी होते.

एका आंधळ्या म्हाताऱ्यानं पेढा हातात चाचपला आणि विचारलं, "कशाचं हो हे?"

"मामांच्या नातीचं लग्न हाय," काशीद म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

"असं व्हय! अन् तुम्ही कोण त्यांचे?"

"मी मुलाचा बाप," काशीद म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडं वाकले.